स्लो, फास्ट आणि लीलावती

फेस्टसाठी नाच बसवायचाय आणि विषय सापडत नाहीये? पॅसेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेली तुमची बॅग एकदा उघडून बघा.

फेस्टचा सीझन जवळ आला की पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही कॉलेजात संध्याकाळी एकच दृश्य दिसतं. बॅगा भिंतीला टेकवलेल्या, स्पीकर पायरीवर आणि दहा-बारा जण 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट' करताहेत. गाणी ठरलेली. फॉर्मेशन्सही ठरलेली: आधी त्रिकोण, मग दोन रांगा, मग सगळे खाली आणि एक जण वर. 'थीम' मागितली असेल तर तीही ठरलेली: स्त्रीशक्ती, सैनिक, पाणी वाचवा, मोबाइलचं व्यसन. मेहनत दिसते म्हणून परीक्षक टाळ्या वाजवतात. पण पुढच्या कॉलेजचा ग्रुप स्टेजवर आला की आधीचा कोणता होता ते कुणालाच आठवत नाही.

आता त्या बॅगांमध्ये काय असतं बघा. डेटा स्ट्रक्चर्सचं जर्नल, जेनेटिक्सच्या नोट्स, अकाउंट्सचं जाडजूड पुस्तक. बॅगेचं आणि नाचाचं भांडण आहे हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. घरी आई म्हणते, 'एवढं सेमिस्टर होऊ दे, मग नाच.' एक सेमिस्टर संपतं, लगेच दुसरं लागतं. थर्ड इयरपर्यंत चांगली नाचणारी कितीतरी मुलं-मुली गळून गेलेली असतात आणि त्यांनाही वाटतं, बरोबरच आहे, दोन्ही कसं जमणार?

हे भांडण खोटं आहे, असं माझं म्हणणं आहे. नाचाला लागणारा कच्चा माल त्या बॅगेत भरपूर आहे. फक्त तो चुकीच्या टोकाने उचलला जातो.

मोर, साप आणि नऊ हात उंच खांब

चंद्रलेखा हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल. भारतातल्या आधुनिक नृत्याबद्दल बोलताना त्यांना वगळता येत नाही. जन्म 1928चा, महाराष्ट्रातल्या वाड्याचा. कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून त्या मद्रासला गेल्या आणि एलप्पा पिल्लै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या. 1952 साली त्यांचं अरंगेत्रम झालं, रायलसीमेतल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी. यमुनेच्या पाण्यातल्या खेळाचं वर्णन करणाऱ्या रचनेवर नाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम त्या दुष्काळाचे फोटो आले, भेगा पडलेली जमीन. हातांनी पाणी उडवायचं आणि डोक्यात कोरडी जमीन! आपण नाचतो ते आणि आपल्याला जगाबद्दल माहीत आहे ते, यांच्यातली ही फट त्यांना पुढे कायम टोचत राहिली. मधली बरीच वर्षं त्या रंगमंचापासून दूरच होत्या. 1984 साली आपल्या मुंबईत, एनसीपीएमध्ये 'ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर' झालं, तिथे त्या पुन्हा दिसल्या. 1985 साली 'अंगिका' आलं, ज्यात भरतनाट्यमच्या शेजारी योग आणि कलरीपयट्टू उभे होते. आणि 1989 साली त्यांनी जे केलं त्यासाठी हा सगळा परिच्छेद लिहिला: त्यांनी गणिताचं पुस्तक नाचायला घेतलं.

पुस्तक म्हणजे भास्कराचार्यांची 'लीलावती', 1150 सालची. भास्कराचार्यांचंही आपल्याकडचं नातं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. तर 'लीलावती'तली गणितं श्लोकांत आहेत आणि ती एका मुलीला उद्देशून विचारलेली आहेत: सांग बरं, भुंगे किती होते, हंस किती होते. चंद्रलेखांनी या कोड्यांमधून त्याच नावाची नृत्यरचना उभी केली.

आता त्यातलं एक कोडं घेऊन आपणच बघू, कारण मुद्दा तिथे कळतो. नऊ हात उंच खांबाच्या टोकावर मोर बसलाय. खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. साप बिळापासून 27 हातांवर आहे आणि बिळाकडे निघालाय. मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांनी कापलेलं अंतर सारखं. मग गाठ बिळापासून किती हातांवर पडेल?

उत्तर 12 हात. सापाचे 15 हात, मोराचेही 15. पायथागोरस लावून पडताळा पाहा.

यावर नाच बसवायला सांगितलं तर आपल्यातले बहुतेक जण काय करतील? मोराचा पिसारा आणि सापाचा फणा. झालं चित्र. मी म्हणतो, मोर आणि साप दोघांना सोडून द्या. जमिनीवर एक बिंदू ठरवा. एक जण त्याच्यापासून तीन पावलांवर, दुसरी व्यक्ती काटकोनात नऊ पावलांवर (पॅसेज लहान असतो म्हणून आकडे एक तृतीयांश केले). दुसरी सरळ बिंदूकडे निघते. पहिला तिरका जातो, बिंदूकडे बघतसुद्धा नाही, आणि पाचव्या पावलाला दोघं समोरासमोर येतात. ती घरापासून चार पावलांवर असते. हे पाहणाऱ्याला त्रिकोण दिसणार नाही, पण काहीतरी अटळ घडतंय हे कळेल. ती पोचणार नाही हे पहिल्या पावलालाच ठरलं होतं. पिसारा लावून हे मिळालं नसतं.

याच ग्रंथातलं कमळाचं गणितही असंच आहे. कमळ पाण्याच्या वर अर्धा हात आलेलं, वाऱ्याने तिरकं होतं आणि दोन हातांवर बुडतं. खोली किती? पावणेचार हात. देठाची लांबी बदलत नाही, मूळ हलत नाही, फक्त कोन बदलतो. एक पाय जमिनीला खिळवून, शरीर न मोडता, कुठल्या कोनापर्यंत झुकता येतं ते करून बघा. मांड्या भरून येतील आणि सोलोची सुरुवातही मिळेल.

चित्र नको, नियम घ्या

विज्ञानावरचे नाच बहुधा वाईट असतात, हे आधीच कबूल करून टाकू. हिरवे कपडे घालून प्रकाशसंश्लेषण. दोन रिबिनी एकमेकींभोवती फिरवून डीएनए. पिवळा ड्रेस म्हणजे सूर्य. हा शाळेच्या गॅदरिंगचा जमाव झाला, नुसता कपडे बदललेला. यात विषयाचा फक्त चेहरा घेतलाय, त्याची चाल घेतलेली नाही.

डीएनएचंच घ्या. बायोवाल्यांना माहीत आहे की त्याची नक्कल होताना दोन धाग्यांचं नशीब सारखं नसतं. एका धाग्यावर काम सलग पुढे जातं. दुसऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी: थोडं पुढे, मग मागे येऊन नवा तुकडा, परत मागे, आणि शेवटी सगळे तुकडे जोडायचे. व्हायव्हात आपण 'ओकाझाकी फ्रॅगमेंट्स' एवढं म्हणून सुटतो. पण दोघा नाचणाऱ्यांना हा नियम देऊन बघा. एकाची ओळ अखंड, दुसऱ्याला प्रत्येक वेळी मागे पळत जाऊन सुरुवात करायची आणि तरी दोघांनी एकत्र संपवायचं. घरातली दोन भावंडं आठवतात की नाही?

इंजिनीअरिंगवाल्यांनी रोमेनियातल्या सॅपिएन्शिया विद्यापीठाच्या लोकांनी 2011च्या सुमारास केलेले सॉर्टिंगचे व्हिडिओ पाहिले असतील. छातीवर आकडे लावलेले लोकनर्तक बबल सॉर्ट, क्विक सॉर्ट नाचून दाखवतात. ते शिकवण्यासाठी केलेले आहेत, आणि मस्त आहेत. पण त्यात एक गोष्ट नाचाच्या दृष्टीने जास्त भारी आहे. पाच जणांना उंचीप्रमाणे बबल सॉर्ट करायला लावा. शेजारच्या दोघांनी एकमेकांना मापायचं, गरज असेल तर जागा बदलायची. पहिल्या फेरीत चार तुलना होतात आणि सगळ्यात उंच व्यक्ती टोकाला पोचते. त्यानंतर तिला काहीच काम नाही. जास्तीत जास्त दहा तुलनांत सगळं संपतं, पण त्यातल्या सहा तुलना होईपर्यंत ती नुसती उभी असते आणि बाकीचे अजून एकमेकांना मापत असतात. ती काय करते तेव्हा? माझ्या मते सगळा नाच त्या उभं राहण्यात आहे. एंट्रन्सचा निकाल लागलेल्या आणि न लागलेल्या मित्रांच्या कट्ट्यावर तुम्ही बसला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गुंफायचा आणि उलगडायचा गोफ

2008 साली जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने 'डान्स युअर पीएच.डी.' नावाची स्पर्धा सुरू केली. 'सायन्स' हे नामांकित नियतकालिक तिच्या पाठीशी आहे. आपलं संशोधन नाचून दाखवायचं, आणि संशोधकाने स्वतः त्यात असलंच पाहिजे. 2014 साली जिंकली उमा नागेंद्र, अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात वनस्पतींवर काम करणारी. टोर्नेडोने झाडं पाडल्यावर तिथल्या मातीचं आणि नव्या रोपांचं नातं कसं बदलतं हा तिचा विषय, आणि तो तिने ट्रॅपीझवर, म्हणजे सर्कशीतल्या झोक्यावर लटकत मांडला. 2017 साली नॅन्सी शेरिक जिंकली. विषय होता 'ब्रेड ग्रुप्स', वेण्यांचं गणित. तीसुद्धा हवेत, कापडाला लटकून.

वेण्यांचं गणित म्हटल्यावर दचकू नका. एमिल आर्टिन या गणितज्ञाने 1925 साली त्याची मांडणी केली, पण खेळ तुमच्या ओळखीचा आहे. तीन जण ओळीत उभे करा: अ, ब, क. आधी डावीकडच्या दोघांनी जागा बदलायच्या, मग उजवीकडच्या दोघांनी. ओळ होते ब, क, अ. आता पहिल्यापासून सुरू करून क्रम उलटा करा, आधी उजवे, मग डावे. ओळ होते क, अ, ब. हालचाली त्याच, क्रम वेगळा, शेवट वेगळा. आणि वेणी सोडवायची असेल तर शेवटचा पेड आधी सोडवावा लागतो.

हे तर आपला गोफ! वरून टांगलेले रंगीत दोर, प्रत्येकाच्या हातात एकेक टोक, नाचता नाचता वेणी गुंफत जायची आणि मग उलट्या क्रमाने नाचत ती मोकळी करायची. गोव्यात शिगम्याला दिसतो, आपल्याकडे कितीतरी मराठी शाळांच्या गॅदरिंगमध्ये असायचा. एकाने चुकीच्या बाजूने वळण घेतलं की गाठ बसते आणि बाईंचा चेहरा पडतो. त्या गाठीचं कारण तुम्हाला एमएस्सीला शिकवतात, इतकंच. घाटकोपर-मुलुंडमध्ये नवरात्रात गरबा खेळणाऱ्यांना दोन वर्तुळं उलट दिशेने फिरताना आपला जोडीदार पुन्हा कितव्या टाळीला समोर येणार याचा हिशेब अंगातच असतो. त्याला कुणी गणित म्हणत नाही. म्हणा की.

अंधेरी ते बोरिवली, 44 काउंट

एवढं वाचून कुणी म्हणेल, मी बीएमएम, माझ्या बॅगेत गणित नाही. ठीक आहे, खिशात पास आहे ना? पश्चिम रेल्वेचं टाइमटेबल घ्या.

जमिनीवर सारख्या अंतराने सात पट्ट्या मारा: अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली. (खरी स्टेशनं सारख्या अंतरावर नाहीत. असू दे.) दोघी जणी. एक स्लो, एक फास्ट. स्लोने चार काउंटमध्ये पुढचं स्टेशन गाठायचं आणि चार काउंट थांबायचं. सहा टप्पे म्हणजे 24 काउंट, मधले पाच थांबे म्हणजे 20. एकूण 44. फास्टचा वेग तोच, पण अंधेरीनंतर थेट बोरिवली, म्हणजे 24 काउंट.

दोघींना बोरिवलीला एकदमच पोचवायचं असेल तर फास्टला 20 काउंट उशिरा सोडावं लागेल. म्हणजे स्लो तीन स्टेशनं पार करते, आणि तिकडे फास्ट अंधेरीच्या पट्टीवर नुसती उभी. स्लो गोरेगावात येऊन थांबते त्या क्षणी फास्ट सुटते. फास्ट मालाड ओलांडते तेव्हा स्लो कांदिवलीला पोचलेली असते. स्लोचे थांब्याचे चार काउंट संपतात आणि नेमकी तेव्हाच फास्ट तिच्या बाजूला येते. शेवटचा टप्पा, कांदिवली ते बोरिवली, चार काउंट, दोघी खांद्याला खांदा लावून.

हा आकड्यांनी आपोआप दिलेला क्षण आहे, मी काही घुसडलेला नाही. आणि तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे: दोन लोकल शेजारून, एकाच वेगाने धावायला लागतात, दोन दारांतली माणसं एकमेकांकडे बघतात, काही सेकंद असं वाटतं की दोन्ही गाड्या थांबल्याच आहेत. मग एक पुढे सरकते.

या रचनेत अवघड काम फास्टचं आहे, असं मला वाटतं. स्लोकडे पाच थांबे आहेत, प्रत्येकी चार काउंटात चढणारी-उतरणारी सगळी गर्दी एका शरीरात आणता येते. फास्टकडे थांबाच नाही. 24 काउंट नुसतं चालायचं आणि तरी बघणाऱ्याची नजर हलू द्यायची नाही. ग्रुपमधली सगळ्यात चपळ मुलगी तिथे घालू नका. जिला शांत चालता येतं तिला घाला. जमलं तर तिसरी व्यक्ती बोरिवलीहून उलटी सोडा. ती कुणाला कुठे ओलांडते ते कागदावर काढा, मगच उभं राहा.

जुहूच्या गल्लीतली शास्त्रज्ञ नर्तकी

या सगळ्याला परंपरा काय, असं कुणी विचारलं तर जुहूकडे बोट दाखवा. मिठीबाईत जाणाऱ्यांच्या तर जवळच आहे. डॉ. कनक रेळे मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयातून वकिलीच्या पदवीधर होत्या. लहानपणापासून कथकली शिकलेल्या. मोहिनीअट्टमवर काम करायचं ठरवलं तेव्हा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या केरळात गेल्या, वयोवृद्ध नर्तकींचं नृत्य कॅमेऱ्यात पकडून आणलं आणि मग एखादा पुरावा तपासावा तशी त्यातली हालचाल सुटी करून तपासली. धड कुठून वळतं, वजन कुठल्या पायावर जातं. त्यासाठी नोंदीची पद्धत वापरली आणि त्या अभ्यासाला 'बॉडी कायनेटिक्स' म्हटलं. त्यांनी उभारलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय मुंबई विद्यापीठाची नृत्यातली पदवी देतं. म्हणजे नाच आणि सेमिस्टर या दोन गोष्टी उपनगरात एकाच इमारतीत कधीपासूनच राहताहेत. रेळे 2023 साली गेल्या.

आर्ट्सवाल्यांनो, तुम्ही सुटला नाहीत. मुंबईचे गुरू आचार्य पार्वतीकुमार यांनी तंजावरच्या सरफोजीराजांच्या, म्हणजे 1798 ते 1832 राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजींच्या, मराठी 'निरूपणां'वर भरतनाट्यम बसवलं. एका विषयाच्या धाग्यात ओवलेल्या या नृत्यरचना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या होत्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ते काम पुढे नेलं. लायब्ररीत धूळ खाणारी पोथी हासुद्धा नाचाचा विषय असतो. लायब्ररीचं कार्ड आहे ना?

बसवायला घ्याल तेव्हा

एकच नियम घ्या. नवशिक्यांची हौस अशी की बबल सॉर्टमध्ये डीएनए आणि वर फिबोनाची. पाहणाऱ्याला खिचडीसुद्धा दिसत नाही, नुसती गर्दी दिसते. नियम एका वाक्यात सांगता आला नाही तर तो अजून तयार नाही.

गाणं शेवटी लावा. आधी नुसत्या काउंटवर, टाळीवर किंवा कुणाच्या तरी बोलण्यावर करून बघा. गाणं आधी आलं की शरीर गाण्याच्या मागे जातं आणि नियम दुसऱ्या कडव्यात हरवतो. मर्स कनिंगहॅम हा अमेरिकन कोरिओग्राफर नाच आणि संगीत वेगवेगळं तयार करून थेट प्रयोगातच एकत्र आणायचा. कुठली हालचाल, कुठे, किती वेळ, हे तो नाणं उडवून ठरवायचा. 1953च्या रचनेचं नावच त्याने 'सूट बाय चान्स' ठेवलं होतं. स्टॅटवाल्यांनी फासे घेऊन हे एकदा करून बघावं. बरंचसं टाकाऊ निघेल, पण तुमच्या सवयीच्या तीन-चार स्टेप्समधून सुटका होईल.

नियम मोडावासा वाटला तर एकदाच मोडा आणि कुठे मोडताय ते ठरवून मोडा. फास्टने समजा एकदाच, गोरेगावला, कारण नसताना थांबून पाहिलं तर? पण मग पुढचे सगळे काउंट नव्याने मांडावे लागतील. मांडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निवेदकाला दोन मिनिटांचं स्पष्टीकरण वाचायला देऊ नका. 'आता आम्ही सादर करत आहोत भास्कराचार्यांचे गणित' असं म्हटलं की अर्धं सभागृह फोन काढतं आणि उरलेलं अर्धं त्रिकोण शोधत बसतं. नाव तेवढं सांगा. परीक्षकांना कळलं नाही तर? शक्य आहे. पहिल्या फेरीत बाहेरही पडाल कदाचित. खांद्यावर चढणारा ग्रुप जिंकेल. पण घरी जाताना ट्रेनच्या दारात उभं असलेल्या कुणाला तरी शेजारची लोकल बरोबरीने धावताना दिसेल आणि तुमच्या दोघी आठवतील. एवढ्यासाठी मी तरी पहिली फेरी घालवायला तयार असेन.

तयारी म्हणाल तर फार नाही: एक वही, खडू किंवा कागदी टेप, आणि काउंट मोजताना न कंटाळणारी एक मैत्रीण. टेप मात्र रात्री निघताना आठवणीने काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉचमनकाका पॅसेजमध्ये उभंही करणार नाहीत.